रेवदंड्याचा तट आणि आपण

दरवर्षी मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातून एक सहल निघते. कधी जुन्या गोव्याला, कधी वांद्र्याच्या मोतमाउलीला, तर कधी थेट वेळांकणीला. गेल्या वर्षी बस मुरूड-जंजिऱ्याला गेली. वाटेत अलिबागच्या दक्षिणेला रेवदंडा लागते. तिथे रस्ता एका जुन्या, पडझड झालेल्या तटातूनच आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूने खाडीकडे बाहेर पडतो. शहाळ्यांसाठी बस दहा मिनिटे थांबली. आमच्यातील एक वडीलधारे, आदरणीय गृहस्थ नारळीच्या शेंड्यांवर डोकावणारा पडका मनोरा मुलांना दाखवीत म्हणाले, "बघा रे पोरांनो, इथे एके काळी आपल्या लोकांचे राज्य होते!" मुलांनी माना डोलावल्या. बस साळावचा पूल ओलांडून कोर्लई गावावरून पुढे गेली. तिथे कोणी उतरले नाही.

परतल्यावर चार दिवसांनी नगरच्या बाजारात शाळेतला एक जुना सोबती भेटला. हसत म्हणाला, "काय, तुमच्या पोर्तुगीजांचा किल्ला पाहून आलात म्हणे?"

वाचकहो, पहिले वाक्य अभिमानाने उच्चारलेले आणि दुसरे थट्टेने; पण दोन्ही वाक्ये एकाच गैरसमजाची अपत्ये आहेत. रेवदंड्याचा तट बांधणारे आणि नगर जिल्ह्यातील कॅथलिक माणूस एकाच घरातील, असे दोघांनीही गृहीत धरले. माझ्या सोबत्याच्या अज्ञानाची जबाबदारी माझ्यावर नाही. आपल्या मुलांना आपणच जे शिकवतो, त्याची मात्र आहे. म्हणून प्रस्तुत लेख त्या पहिल्या वाक्याविरुद्ध आहे.

इतिहास काय सांगतो? ज्याला पूर्वी चौल म्हणत ते बंदर, म्हणजे आजचे चौल आणि रेवदंडा मिळून होणारे नगर, पोर्तुगालहून कोणी यायच्या कितीतरी शतके आधी जगाला ठाऊक होते. पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दी त्याला सेमुल्ला म्हणत. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत 'चेमुल' गावच्या दात्यांची नोंद आहे. इसवी सन ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल् मसूदी येथे आला, तेव्हा राज्य शिलाहार राजाचे होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान त्याने या बंदरात पाहिले. त्यांच्या आपसांतील व्यवहारांचा निवाडा करण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमला होता. सुमारे १४७० साली अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौललाच उतरला आणि घाट चढून जुन्नर व बीदरकडे गेला.

आणि नगरचे काय? पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदने आपली राजधानी वसवली. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण त्या शहराने पहिल्या दीड शतकात समुद्राशी जो संबंध जोडला होता, तो आपल्या आठवणीतून फार पूर्वीच पुसला गेला आहे. चौल हे नगरच्या निजामशाहीचे बंदर होते. तिथे उतरलेले अरबी घोडे घाट चढून नगरच्या पागेत जात. ती निजामशाही तरी कोणाची? तिच्या संस्थापकाचा पिता पाथरीच्या ब्राह्मण घराण्यात जन्मलेला, लहानपणी कैद होऊन बीदरला गेलेला आणि तिथे मुसलमान झालेला, असे फेरिश्ता हा इतिहासकार लिहितो. हा फेरिश्ता स्वतः इराणी कुळातला, पण त्याचे बालपण नगरमध्ये गेले. नगरच्या दरबारात इराणातून आलेला शाह ताहिर होता. आज विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली नगरमध्ये ओतली ती एका रूमी कारागिराने. राज्याच्या अखेरच्या पर्वात कारभार सांभाळला तो हबसाणातून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने. घाटावरच्या आपल्या कोरड्या मुलखात इतके देश एकत्र नांदले याचे एक मोठे कारण म्हणजे घाटाखालचे ते बंदर.

१५२१ साली बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना चौलच्या खाडीच्या तोंडाशी कोट बांधण्याची परवानगी दिली. त्याला घोडे हवे होते, त्यांना बंदर हवे होते. अशा रीतीने एका शहराची दोन शहरे झाली. वरचे चौल निजामशहाचे आणि समुद्रालगतचे खालचे चौल, म्हणजे रेवदंडा, पोर्तुगीजांचे. १५८३ साली राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी इथून गेला. त्याने या दोन्ही नगरांची नोंद केली आहे. मसाले, रेशीम, चंदन, हस्तिदंत आणि चिनी वस्तूंचा व्यापार पाहिल्याचे तो लिहितो. पुढे फिच गोव्यात कैदेत होता, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी खटपट करणारा धर्मगुरू म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली प्रसिद्ध झाले. किती लहान होते ते जग, आणि किती गजबजलेले!

आता त्या वडीलधाऱ्यांच्या वाक्याकडे वळू. 'आपले लोक' म्हणजे कोण? १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने मोठी फौज घेऊन रेवदंड्याला वेढा घातला. तो पुढे कित्येक महिने चालला आणि १५७१ च्या पावसाळ्यात तह होऊन उठला. तटाच्या आत पोर्तुगीज होते आणि तटाबाहेर नगरची फौज. राहुरी, संगमनेर, नेवासे, शेवगाव या भागातले आपले पूर्वज त्या वेळी कोणाच्या मुलखात राहत होते? निजामशहाच्या! 'आपली' बाजू शोधायचीच असेल, तर ती तटाबाहेरची होती.

पण तेही पुरते खरे नाही. आपल्यापैकी बहुसंख्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे होते. सुलतानाच्या शामियान्यात त्यांना कोणी बोलावले नसते, आणि पोर्तुगीज कप्तानाच्या मेजवानीतही नाही. त्यांच्यापैकी कोणी चौलपर्यंत पोहोचला असलाच, तर तो फौजेचे ओझे डोक्यावर घेऊन, घोड्यांच्या मागून चालत गेला असेल. ज्या युद्धात आपला माणूस कोणत्याच बाजूचा मालक नव्हता, त्या युद्धातील विजयाचा वारसा आपण आज कोणत्या तोंडाने सांगावा?

मग त्या तटाशी आपला काहीच संबंध नाही काय? आहे, पण तो अभिमानाचा नसून जाबाचा आहे. तो समजण्यासाठी गार्सिया द ओर्ता या वैद्याची कथा प्रत्येक कॅथलिक कुटुंबाला ठाऊक असायला हवी.

ओर्ता हा पोर्तुगालमधील ज्यू कुळातला. त्याच्या घराण्याला सक्तीने ख्रिस्ती केले गेले होते. १५३४ साली तो गोव्यात आला. नगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. दोघांत स्नेह जुळला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. भारतीय वनौषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात निजामशहाच्या दरबारातील हकीमांशी झालेल्या चर्चांचे उल्लेख आहेत. एक ज्यू-ख्रिस्ती वैद्य, एक मुसलमान राजा, अरबी आणि देशी वैद्यक, आणि आपले नगर! असा हा ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून धर्मन्यायसभेने गोव्यात जिवंत जाळले. १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. रेवदंड्याच्या तटापासून काही कोसांवर, नवगाव, किहीम, चौल या गावांत, बेने इस्रायल कुटुंबे राहत होती. नवगावजवळ गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. चेऊलकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे याच गावांवरून आली. शतकानुशतके त्यांनी शब्बाथ पाळला, मराठी बोलले, आणि त्यासाठी त्यांना कोणी जाळले नाही. त्यांच्यातील बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली. रेवदंड्यातील त्यांचे प्रार्थनामंदिर अजून उभे आहे.

गोव्याच्या धर्मन्यायसभेच्या धाकात मेलेल्या ज्यूची हाडेदेखील सुरक्षित नव्हती, आणि तटाबाहेर जिवंत ज्यूचा शनिवार सुरक्षित होता. प्रभू येशू स्वतः शब्बाथ पाळणाऱ्या घरात जन्मला, हे आठवून सांगा, 'आपले लोक' तटाच्या कोणत्या बाजूला होते?

याचा अर्थ तटाबाहेर स्वर्ग होता असे मुळीच नाही. सुलतानांच्या राज्यातही गुलामगिरी होती, जातीची उतरंड होती, लुटालूट होती. निरनिराळ्या लोकांची वस्ती असलेले शहर आपोआप न्यायी होत नाही. बाजारात सगळे एकत्र येतात, कारण बाजाराला सगळ्यांची गरज असते. संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या आळीत परततो. जुन्या चौलची थोरवी एवढीच, की परक्याचा देव आपल्याला मान्य नसला तरी त्याला आपल्या शेजारी राहू द्यावे, एवढे शहाणपण त्याने बराच काळ टिकवले. आणि पोर्तुगीज राजवटीचा मोठा दोष असा, की तिने हे शहाणपण नाकारले आणि त्या नकाराला ख्रिस्ताचे नाव दिले.

येथे काही जण म्हणतील, "हे सगळे कशाला उकरून काढता? आपल्यावर टीका करायला लोक टपलेलेच आहेत. त्यांच्या हाती आयते कोलीत का देता?" हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो भीतीतून येतो हे मी जाणतो. खेड्यात चार-सहा कुटुंबे असलेल्या माणसाला ती भीती बाळगण्याचा अधिकार आहे. तरीही माझे उत्तर स्पष्ट आहे. दडवलेली गोष्ट दुसऱ्याने बाहेर काढली की ती आपल्यावरचा आरोप होते. तीच आपण होऊन सांगितली की तो पश्चात्ताप होतो. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये, साऱ्या जगासमोर, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाने केलेल्या असहिष्णुतेबद्दल देवाची क्षमा मागितली. जे पोप महाशयांना कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्या धर्मग्रामाच्या सहलीला का वाटावे? आणि आपण दर रविवारी मिस्सेच्या आरंभी छातीवर हात मारून जे म्हणतो, ते केवळ वैयक्तिक पापांपुरतेच राखून ठेवायचे आहे काय?

दुसरा आक्षेप असा, की नगरच्या दुष्काळी खेड्यातल्या माणसाला या समुद्रकाठच्या गोष्टींचे काय? त्याला पाणी हवे, मुलाला नोकरी हवी. खरे आहे. पण त्याच माणसाला रोज ऐकावे लागते, की तुझा धर्म परदेशी, तुझे मूळ परदेशी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्या शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेरच आहे. धर्म बदलल्याने वेशीबाहेरचे घर वेशीच्या आत येत नाही, हे आपण सरकारला सांगतो. ते सांगताना आपणच जर रेवदंड्याच्या तटाकडे बोट दाखवून 'आपले राज्य होते' म्हणू लागलो, तर आपली बाजू आपणच मोडतो. राज्यकर्त्यांचे वारस सवलती कशाला मागतात, असे कोणी विचारले तर काय उत्तर देणार?

आपल्या जिल्ह्यात कॅथलिक श्रद्धा पोर्तुगिजांच्या तोफेबरोबर आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन भाषा बोलणारे येशूसंघीय धर्मगुरू बैलगाडीने आणि पायी या खेड्यांत फिरले. पहिल्या महायुद्धात याच धर्मगुरूंना जर्मन म्हणून ब्रिटिश सरकारने स्थानबद्ध केले आणि देशाबाहेर घालवले. तरी हरेगावच्या मतमाउलीला सप्टेंबरात जो जनसागर लोटतो, त्याची भाषा मराठी, अभंगाची चाल मराठी, नवसाची रीत मराठी. राज्यकर्ता कोणीही असो, श्रद्धा ज्याच्या ओठांवर रुळते त्याची ती होते.

याचा उत्तम पुरावा रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आहे, जिथे आमची बस थांबली नाही. कोर्लईच्या टेकडीवरचा निजामशाही किल्ला १५९४ साली पोर्तुगिजांनी मोठ्या रक्तपातानंतर घेतला. १७४० साली चौल मराठ्यांच्या ताब्यात गेले आणि पोर्तुगीज निघून गेले. पायथ्याच्या वस्तीतले ख्रिस्ती मात्र तिथेच राहिले. पाठीशी राज्य नाही, तोफा नाहीत, तरी त्यांनी श्रद्धा सोडली नाही. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी जपली: आपली बोली. ती पोर्तुगीज शब्दांची आहे, पण अडीचशेहून अधिक वर्षे मराठीच्या शेजारी राहून तिच्या वाक्याची ठेवण मराठीच्या वळणावर गेली. क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊन बसले. तिला ते 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. हजाराच्या आसपास माणसे ती बोलतात. अभ्यासकांचे मत असे, की हे लोक प्रामुख्याने खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचे आणि सामान्य पोर्तुगीज शिपायांचे वंशज असावेत.

म्हणजे बंधुभगिनींनो, त्या साऱ्या किनाऱ्यावर आपले म्हणावेत असे कोणी असतील, तर ते हे आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्याच्या किल्ल्याचे ओझे वाहिले, आणि मालक निघून गेल्यावर जे आपल्या श्रद्धेसह मागे उरले, ते. आणि आपण त्यांच्या दारावरून हॉर्न वाजवीत पुढे गेलो!

आता थोडे घरचे बोलू. चौलच्या आळ्यांची चर्चा करणे सोपे. आपल्या आळीचे काय? आपल्यापैकी किती कॅथलिक घरांचे शेजारच्या मराठी मिशनच्या घरांशी लग्नमयताखेरीज जाणेयेणे आहे? ज्या भावकीने १९५६ साली आणि त्यानंतर बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला, त्या भावकीला नाताळच्या फराळाला आपण बोलावतो काय? लग्न जमवताना पूर्वाश्रमीची जात विचारली जात नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय? मुंबईच्या एका धर्मग्रामात आमच्या ओळखीच्या एका तरुणाला, तो घाटावरचा आणि मराठीत प्रार्थना करणारा म्हणून, गायकवृंदात मागच्या रांगेत उभे केले गेले, आपण संतापलो. पण आपल्या गावात मातंग समाजातून आलेल्या कुटुंबाला कोणत्या रांगेत जागा मिळते, यावर आपण कधी संतापलो? रेवदंड्याचा तट दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच निरुपयोगी झाला. त्यात आता सुपारीच्या वाड्या आहेत. आपल्या मनातल्या तटाची मात्र दरवर्षी डागडुजी होते.

म्हणून माझे सांगणे सहली बंद करा असे नाही. जरूर जा, आणि मुलांना न्या. पण जाण्याची रीत बदला. आधी वरच्या चौलला उतरा. रामेश्वराचे देऊळ पाहा, जुन्या हमामखान्याचे अवशेष पाहा, आणि मुलांना सांगा की हे आपल्या नगरचे बंदर. मग रेवदंड्यात बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर बाहेरून का होईना पाहा आणि तिथे कातारिनाची व तिच्या भावाची गोष्ट सांगा. त्यानंतर फ्रान्सिस्कन मठाच्या त्या पडक्या सातखणी मनोऱ्याखाली उभे राहून क्षमेची एक प्रार्थना म्हणा. शेवटी कोर्लईला कार्मेल माउलीच्या चर्चमध्ये गावकऱ्यांबरोबर मिस्सेला बसा. त्यांच्याकडे अजबखान्यातील वस्तूंसारखे पाहू नका. आधी पत्र लिहा, परवानगी घ्या, नातेवाइकांकडे जातो तसे काहीतरी हातात घेऊन जा. चौलच्या विणकरांनी सतराव्या शतकात मुंबई गाठली आणि त्या शहराला कारागिरी दिली. आपण निदान एक पिशवी बाजरी तरी न्यायला हरकत नाही.

आणि परत आल्यावर कोणी बाजारात विचारले, "तुमच्या पोर्तुगीजांचा किल्ला पाहिलात काय?" तर न रागावता सांगा: "किल्ला तुमचाही नव्हता, आमचाही नव्हता. बंदर मात्र आपल्या दोघांच्या नगरचे होते. पुढच्या मे महिन्यात बसमध्ये एक जागा रिकामी ठेवतो, येतोस का?"

माझ्या सोबत्याला मी हे विचारले. त्याने अजून उत्तर दिलेले नाही. पण तो हसला नाही.